चाचणी पुण्यात, निर्णय कुठे?

वर्षातून दोनदा पोटाच्या त्वचेखाली घ्यायच्या लेनाकापावीर या इंजेक्शनाने एचआयव्हीची लागण जवळजवळ पूर्णपणे रोखता येते, हे २०२४ मध्ये दोन मोठ्या क्लिनिकल ट्रायल्समधून पुढे आल्यापासून पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत वाद सुरू आहे. एका गटाला अभिमान वाटतो, कारण या औषधाच्या जेनेरिक उत्पादनाचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की परदेशी कंपन्या गरीब देशांतल्या माणसांना गिनीपिग करतात आणि आपल्या शहरातही हेच होत आले आहे. लंडनमध्ये औषध-चाचण्यांच्या नोंदी तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने दोन्ही गट माझ्याकडे दाखला मागतात. मला दोघांच्याही बोलण्यात एकच उणीव जाणवते : ज्यांनी वर्षानुवर्षे रक्ताचे नमुने दिले, खासगी आयुष्यातल्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्या माणसांचा विचार त्यात कुठेच नसतो.

पुण्याचा स्वतःचा इतिहास यासाठी नीट पाहायला हवा. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. एचपीटीएन ०५२ या जगप्रसिद्ध चाचणीच्या केंद्रांपैकी एक तिथे होते. जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही आहे अशी नऊ देशांतली १,७६३ जोडपी या चाचणीत होती. निम्म्यांमध्ये बाधित जोडीदाराला लगेच औषधे सुरू केली, उरलेल्यांमध्ये सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) २५० च्या खाली उतरेपर्यंत किंवा एड्सशी निगडित आजार दिसेपर्यंत थांबायचे ठरले. २०११ मध्ये मधल्या टप्प्यावरच्या तपासणीत दिसले की जोडीदाराच्याच विषाणूमुळे झालेल्या २८ लागणींपैकी २७ थांबलेल्या गटात होत्या. लगेच उपचार घेतल्याने संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख मंडळाने निष्कर्ष तत्काळ जाहीर करायला लावले आणि थांबलेल्या गटालाही औषधे देऊ केली गेली. रक्तात विषाणू सापडेनासा झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, असे आज आपण निःशंकपणे सांगतो, त्यामागच्या पुराव्यात या जोडप्यांचा मोठा वाटा आहे.

ते २७ जण मला अस्वस्थ करतात, आणि आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला इथे समजते. तरीही थांबणे हा त्या काळी अनेक देशांतला रूढ उपचार होता. समुपदेशन आणि निरोध सर्व जोडप्यांना दिले जात होते. ही चाचणी झाली नसती तर डॉक्टर आणखी कित्येक वर्षे थांबतच राहिले असते आणि त्या लागणी कुणी मोजल्याही नसत्या. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाविषयी आहे. निष्कर्ष २०११ चा, जागतिक आरोग्य संघटनेची सर्वांवर उपचार करण्याची शिफारस २०१५ ची, आणि सीडी४ कितीही असला तरी औषधे सुरू करण्याचे धोरण भारताने स्वीकारले ते २०१७ मध्ये. म्हणजे जे ज्ञान पुण्यातल्या जोडप्यांनी जगाला मिळवून दिले, ते त्यांच्याच शेजारच्या गल्लीतल्या रुग्णापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली. या सहा वर्षांबद्दल पुण्यात वाद झाल्याचे मला आठवत नाही.

या कामात आयुष्य घालवलेल्या आमच्या परिचयातल्या एक समुपदेशक ताई सांगतात की सहभागी बायका केंद्राचा नंबर मोबाइलमध्ये ‘टेलर’ किंवा ‘गॅसवाले’ अशा नावाने ठेवत. तपासणीच्या दिवशी भिशीला जाते म्हणून घराबाहेर पडत, आणि गोळ्यांच्या डबीवरचे लेबल खरवडून ती तांदळाच्या डब्यात खुपसत. एकीने सही करण्यापूर्वी ताईंना विचारले होते, “तुमचं काम संपल्यावर मी कुणाकडे जायचं?” एवढा नेमका प्रश्न मी अनेक तज्ज्ञ बैठकांत ऐकलेला नाही.

लंडनमध्ये हा प्रश्न विचारण्याची सोय आहे. चाचणीचा आराखडा पक्का होण्याआधी तो एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रतिनिधींपुढे ठेवला जातो. अशा एका बैठकीत एका वयस्कर गृहस्थांनी रक्त घेण्याच्या वारंवारतेवर बोट ठेवले, कारण कामावरून इतक्या वेळा रजा मागितली तर मालकाला संशय येईल. पुढच्या मसुद्यात भेटी कमी झाल्या होत्या. इंग्लंडचे सगळेच आदर्श आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. लागण रोखणाऱ्या गोळ्यांचा खर्च हे आपले कामच नव्हे, अशी भूमिका इथल्या आरोग्ययंत्रणेने २०१६ मध्ये घेतली होती आणि स्वयंसेवी संस्थेला न्यायालयात जाऊन ती खोडून काढावी लागली. पण संघटित रुग्ण होते, म्हणून तो खटला उभा राहिला.

भारताकडे कायदा नाही, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला खडसावल्यानंतर चाचणीत भाग घेणाऱ्यांची संमती चित्रित करण्याची सक्ती आली. पुढे एचआयव्हीच्या औषधांसाठी केवळ आवाज मुद्रित करण्याची सवलत ठेवली गेली, आणि चेहरा उघड होण्याची भीती ओळखून केलेली ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. २०१९ च्या नियमांत चाचणीनंतर सहभागी व्यक्तीला औषध मोफत चालू ठेवण्याची वाटही आहे, मात्र दुसरा उपचार उपलब्ध नसेल तरच, आणि तीही त्या व्यक्तीपुरती. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती असलीच पाहिजे, असे बंधन नाही. पुण्याच्या केंद्रांनी स्थानिक लोकांची समुदाय सल्लागार मंडळे चालवली आहेत, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. तथापि आंतरराष्ट्रीय चाचणीचा आराखडा बहुधा परदेशात ठरून येतो, आणि मग मंडळाला माहितीपत्रकातली भाषा सोपी करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

लेनाकापावीरच्या बाबतीत हाच धोका मला पुन्हा दिसतो. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू या देशांतल्या लोकांनी चाचणीत भाग घेतला, तरी परवान्यानुसार जेनेरिक औषध जिथे विकता येते त्या १२० देशांत त्यांची नावे नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेत या औषधाची वर्षाची छापील किंमत २८,२१८ डॉलर होती, तर भारतीय कंपन्यांकडून ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये गरीब देशांना मिळेल, असे त्याच वर्षी जाहीर झाले. पुण्याची कंपनी परवाना मिळालेल्यांच्या यादीत आहे याचा आनंद मलाही आहे. पण बुधवार पेठेतल्या बाईला, ट्रकचालकाच्या बायकोला, समलिंगी तरुणाला हे इंजेक्शन सरकारी केंद्रात केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळणार, हे राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीला आत्ताच, लेखी विचारायला हवे. आणि पुण्यात यापुढे जी चाचणी येईल, तिच्या परवानगीच्या कागदांत निष्कर्ष चांगले आले तर या शहराला औषध किती दिवसांत मिळेल, याचे उत्तर आधी लिहून घ्यायला हवे.