मालवणचं अभयारण्य आणि मच्छीमार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मालवण सागरी अभयारण्याचा कारभार मच्छीमारांनाही समितीत घेऊन चालवावा, असं मांडणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मच्छीमारांना अभयारण्याच्या कारभारात घेणं म्हणजे मांजराला शिंक्याची राखण देणं. बारीक आसाची (म्हणजे बारीक छिद्रांची) जाळी तेच टाकतात, पिल्लं तेच बाजारात आणतात. म्हणून नियम शास्त्रज्ञांनी ठरवावेत आणि सरकारने दंडुका घेऊन पाळायला लावावेत.

आधी दंडुक्याचंच बघू. हे अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांना ते आपलं वाटत नाही. पाण्यावर कुंपण घालता येत नाही. अधिकारी कधीतरी फेरी मारणार, मच्छीमार मात्र रोज पहाटे तिथेच असणार. त्याला वगळून राखण करायची कोणी?

शिवाय ‘मच्छीमार’ म्हणून सगळ्यांना एका टोपलीत घालू नका. रापण कशी चालते ते पाहा. होडी किनाऱ्यावरून निघून अर्धगोलात जाळं सोडत परत येते, मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि जाळं वाळूवर ओढतात. मिळालेल्या म्हावऱ्याचे वाटे पडतात. हे सगळं बांगडा, तारली किनाऱ्याजवळ आली तरच. बाहेर खोल पाण्यात पर्ससीनच्या भल्यामोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून उचलला, की रापणीत काय येणार? समुद्र राखण्यात रापणकराचा स्वार्थ आहे तो असा, रोकडा. पर्ससीनवर बंधनं घाला ही मागणी पारंपरिक मच्छीमारांनीच लावून धरली होती. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने तसा आदेश काढला, त्यामागे शास्त्रज्ञांइतकाच त्यांच्या आंदोलनांचा रेटा होता.

बारीक आसाच्या जाळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण ती बदलतात कशी, हेही बघायला हवं. बोटीमागे ओढत नेतात त्या ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटी जो पिशवीसारखा भाग असतो, त्याचे नेहमीचे तिरके आस ओढ बसली की मिटतात. चौकोनी आस उघडे राहतात आणि पिल्लं निसटून जातात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा हा भाग मच्छीमारांच्याच बोटींवर वापरून पाहिला गेला. दुसऱ्याच्या बोटीवर काय आलं आणि काय सुटलं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणताही तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जाळं बदलत नाही. परिपत्रकाने तर नाहीच.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. उत्तम निर्णय. पण त्याची खरी परीक्षा बंदरावरच्या लिलावात आहे. बोट लागल्यावर टोपलीत तळहातापेक्षा लहान पापलेट दिसलं, तर ते नाकारणार कोण? बोली लावणारे व्यापारी आणि मासे विकणाऱ्या बायका. त्या बायकांना समितीत जागा नसेल, तर तो नियम फाईलमध्येच राहणार.

आणखी एक. डिसेंबर २०१८ मध्ये अशी योजना आली, की कासव, डॉल्फिन, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो लागतो. हेलकावणाऱ्या होडीत स्वतःच्या जाळ्यावर सुरी चालवायची आणि मोबाईलही धरायचा! तरीही कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी अशी कितीतरी कासवं सोडली आहेत. त्यांना शिंक्याखालचं मांजर म्हणणं अन्यायाचं आहे.

मच्छीमारांना सोबत घेऊन कारभार ‘आपल्याकडे चालणार नाही’ असंही तुम्ही म्हणता. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात चाललं आहे. तिथे तिसऱ्या या शिंपल्यांचं उत्पादन १९९० च्या दशकात घसरलं, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवायची, जाळ्याचा आस ३० मिलिमीटरच्या खाली न्यायचा नाही, असे नियम झाले. पुढे मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि प्रशासन एकाच परिषदेत बसू लागले. २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. सरोवर समुद्रापेक्षा सांभाळायला सोपं, हे मान्य. म्हणूनच सुरुवात खाड्यांपासून आणि अभयारण्याच्या गाभ्यापासून करावी असं मी म्हणतो.

तुमचा एक मुद्दा मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला: समित्या बोटमालकांच्या खिशात जातात. धोका अगदी खरा आहे. त्यावर उपाय एकच, खलाशांना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना निमंत्रित म्हणून न बसवता मताचा हक्क द्यायचा. आणि सरकारने आपला वाटा उचलायचा. रात्री किनाऱ्याजवळ परराज्यातला हायस्पीड ट्रॉलर दिसला म्हणून मच्छीमाराने फोन केला, तर गस्तीनौका निघायलाच हवी. ती निघाली नाही, तर पुढच्या बैठकीला तो मच्छीमार येणार नाही, आणि त्याला दोष मी तरी देणार नाही.