आपण रजेवर गेल्यावर काम कोण करते?

आठवड्याला किती तास काम करावे, यावर गेली काही वर्षे भारतात जो वाद चालला आहे, तो मी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये बसून वाचत असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन व जपानी लोकांनी हेच केले, असा दाखला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे आणि रविवारच्या कामाचे वक्तव्य गाजले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. परदेशी गेलेला माणूस रात्रंदिवस राबून, टक्केटोणपे खाऊन घडतो, ही समजूत या वादाला आतून बळ देते. मी चाकणच्या कारखान्यात काही वर्षे काम करून इथे आले. माझ्यात जो बदल झाला, त्याचे श्रेय मला अधिक राबण्याला देता येत नाही. ते मोजक्या तासांना आणि त्या तासांचे रक्षण करणाऱ्या नियमांना द्यावे लागते.

आधी जर्मनीचा दाखला तपासला पाहिजे. युद्धानंतर उद्ध्वस्त शहरे उभारणाऱ्या पिढीने अपार कष्ट केले, आणि १९५० च्या सुमारास सहा दिवसांचा, ४८ तासांचा आठवडा सर्रास होता, हे खरे आहे. पण भरभराटीच्या त्याच दशकात, १९५५ मध्ये, जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याची मागणी पुढे आणली, आणि पुढच्या वर्षीच्या मे दिनाच्या भित्तिपत्रकावर एक लहान मूल ‘शनिवारी बाबा माझे’ असे म्हणताना दिसले. यंत्र आणि धातू उद्योगात १९६७ पर्यंत ४० तासांचा आठवडा आला. १९८४ च्या दीर्घ संपानंतर टप्प्याटप्प्याने उतरत १९९५ मध्ये पश्चिम जर्मनीत तो ३५ तासांवर आला. ज्या जर्मन मोटारींचे आपल्याकडे कौतुक होते, त्या बनवणारा उद्योग कामाचे तास घटत असतानाच मोठा झाला. त्यामागे अमेरिकेची मदत, कर्जमाफी, आधीपासूनचे तांत्रिक शिक्षण अशी इतर कारणेही होती. पण तास वाढवल्याने देश वर येतो, याचा पुरावा म्हणून जर्मनीकडे बोट दाखवता येत नाही.

माझ्या स्वभावावर सर्वांत खोल परिणाम केला तो रजेच्या पद्धतीने. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी रजा हा इथल्या १९६३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि बऱ्याच उद्योगांत करारांनी ती ३० दिवसांपर्यंत नेली आहे. रजेत आजारी पडल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवून ते दिवस परत मिळतात, कारण रजा ही विश्रांतीसाठी असते आणि आजारपण म्हणजे विश्रांती नव्हे, असा कायद्याचा सरळ विचार आहे. पण खरे शिक्षण दिवसांच्या संख्येत नाही. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांच्या रजा एका तक्त्यावर मांडल्या जातात आणि प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या नावापुढे त्या काळात काम पाहणाऱ्या सहकाऱ्याचे नाव लिहिले जाते. म्हणजे माझे काम दुसऱ्याला समजेल अशा स्थितीत नेहमीच असावे लागते: आराखड्यातला बदल का केला याची नोंद, पुरवठादाराशी काय ठरले याची नोंद, कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही याची नोंद.

ज्या वातावरणात मी वाढले आणि काम शिकले, तिथे ‘हिच्याशिवाय अडते’ ही सर्वांत मोठी पावती होती. सणाच्या दिवशी फोन येणे, लग्नमंडपातून लॅपटॉप उघडावा लागणे, यात त्रास होता, तसा मानही होता. घरातही आईची थोरवी आम्ही याच मापाने मोजत आलो: ती दोन दिवस बाहेर गेली की घर बंद पडते. आज मला वाटते की एका माणसाशिवाय अडणारे काम हे कच्च्या बांधणीचे काम आहे, आणि एका बाईशिवाय अडणारे घर हे त्या बाईवर अन्याय करणारे घर आहे. माझा एक सहकारी बाळाच्या जन्मानंतर काही महिने संगोपनाच्या रजेवर गेला, तेव्हा त्याच्याही नावापुढे बदली माणसाचे नाव लागले आणि प्रकल्प पुढे चालत राहिला. कोणी त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेतली नाही. आपली जागा काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवता येणे, आणि तरीही आपले मोल कमी झाले असे न वाटणे, याला मी परदेशातल्या वास्तव्याची सर्वांत मोठी कमाई मानते.

दुसरी गोष्ट हाताने काम करणाऱ्या माणसांची. इथे दहावीनंतर अनेक मुले कारखान्यात पगारी प्रशिक्षण घेत घेत आठवड्यातले काही दिवस व्यावसायिक शाळेत जातात. हे शिक्षण साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालते, आणि पुढे माइस्टरची, म्हणजे आपल्या कसबातल्या उस्तादाची, परीक्षा देता येते. ही पदवी जर्मनीच्या पात्रता-क्रमात बॅचलर पदवीच्या बरोबरीला धरली जाते. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला माइस्टर आम्हा अभियंत्यांचा आराखडा हातात घेऊन ‘हा बोल्ट जुळणीच्या वेळी हाताला येणार नाही’ असे बैठकीत ठामपणे सांगतो, आणि आराखडा बदलतो. आपल्याकडे आयटीआयमधून आलेल्या मुलाला हेच ज्ञान असते. फक्त त्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

श्टुटगार्टच्या परिसरात जिना आणि घरासमोरचा पदपथ रहिवाशांनी पाळीपाळीने झाडण्याची जुनी रीत आहे. पाळी आलेल्या घराच्या दाराला पाटी लागते, आणि मग डॉक्टर असो की ट्रामचालक, झाडू हातात घेतो. ही रीत काही जणांना जाचक वाटते आणि शेजारणीची करडी नजर मलाही टोचते. पण गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवणाऱ्या आपल्या राज्यात झाडू अजूनही ठरावीक जातींच्या हातात का राहिला, हा प्रश्न मला हा जिना पुसताना जितका अंगावर आला, तितका वाचून कधी आला नव्हता.

हे सगळे युरोपची देणगी म्हणून मांडणे मात्र अन्यायाचे होईल. रविवारच्या सुट्टीची मागणी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लावून धरली. सत्यशोधक विचारातून आलेल्या या माणसाच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या, आणि १८९० मध्ये ती सुट्टी मिळाली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यांतील आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मांडले. त्यामुळे रविवारी कामावर या, असे कोणी म्हणते, तेव्हा ते आपल्याच मातीतली एक कमाई परत मागत असतात.

जर्मनीची बाजूही पूर्ण सांगितली पाहिजे. मांस उद्योगातल्या परदेशी मजुरांची उपकंत्राटांखाली झालेली पिळवणूक २०२० च्या साथीत उघड झाली आणि मगच कायदा कडक झाला. पार्सल वाहणाऱ्या अनेक स्थलांतरितांना माझ्यासारखे संरक्षण आजही प्रत्यक्षात मिळत नाही. दिवसाची आठ तासांची मर्यादा काढून केवळ आठवड्याची ठेवावी, अशी चर्चा इथेही सुरू आहे. आणि माझ्या मोकळ्या संध्याकाळींची किंमत सांगलीत कोणीतरी मोजते: आईवडिलांचे दवाखाने, बँक, वीजबिल हे सारे माझा धाकटा भाऊ नोकरी सांभाळून पाहतो. त्याच्या नावापुढे बदली माणूस नाही. परदेशातून उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

तरीही एक सूचना करते. महाराष्ट्र आणि श्टुटगार्ट ज्यात येते ते बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला आहे, आणि परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा कामांसाठी तरुणांना तयार करण्याची योजना आहे. त्यांना निघण्यापूर्वी भाषा शिकवली जाईल. तिच्यासोबत इथला कामगार कायदाही शिकवावा. दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, पाच कर्मचारी असलेल्या ठिकाणीही कर्मचाऱ्यांचे मंडळ निवडता येते, आणि असे मंडळ असेल तिथे त्याच्या संमतीवाचून जादा काम लादता येत नाही, हे त्यांना मराठीत समजले पाहिजे. आणि राज्यात १२ तासांच्या दिवसाला कामगाराची लेखी संमती घेतली जाईल असे सांगितले जाते, तेव्हा ती संमती नाकारणाऱ्याची नोकरी टिकेल याची हमी कोण देणार, हे सरकारने त्याच कागदावर लिहावे. इथे ती जबाबदारी निवडून आलेले मंडळ घेते. चाकणमध्ये कंत्राटावर असलेल्या मुलाच्या बाजूने उभे राहणारे असे कोणी आज नाही.