अंत्ययात्रा गाजवायची आहे? मग हे वाचाच

कोणी थोर माणूस गेला की तुमची किती धांदल उडते, मला माहीत आहे. कुठे उभं राहायचं, कोणाच्या शेजारी, चेहरा कितपत पाडायचा, सगळेच प्रश्न. मागच्या आठवड्यात आमच्या सरांच्या अंत्यदर्शनाला मी दोन तास चाळीस मिनिटं ताटकळलो. तेवढ्या वेळात या विषयातले जाणकार अगदी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाले. त्यांच्याकडून शिकलो ते इतिहासाशी ताडून पाहिलं, तर तंतोतंत जुळलं. म्हणून तुमच्या भल्यासाठी पाच गोष्टी.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: गेलेल्या माणसाने काही लिहून ठेवलं असेल तर ते घडी घालून खिशात ठेवा. वाचायला हरकत नाही, पाळायचं मात्र नाही. भिऊ नका, तुमच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोने लिहून ठेवलं होतं की मला गरिबांच्या शववाहिकेतून न्या. फ्रान्सने 1885 साली ते अगदी शब्दशः पाळलं. गाडी गरिबांचीच आणली. फक्त आधी शवपेटी आर्क द त्रिऑम्फच्या कमानीखाली दर्शनाला ठेवली, मग त्या गाडीबरोबर फुलांनी लादलेल्या गाड्यांची रांग लावली आणि वीस लाखांच्या आसपास माणसं पॅरिसच्या रस्त्यांवर उतरली. साधेपणा असा दणक्यात साजरा करायचा असतो. लेनिन गेल्यावर त्याच्या बायकोने, क्रुप्स्कायाने, जाहीर विनंती केली: त्याची स्मारकं उभारू नका, त्याच्या नावाचे महाल बांधू नका, पाळणाघरं काढा, शाळा काढा, वाचनालयं काढा. बरं, म्हणाले सगळे, आणि मसाले भरून त्याला काचेत ठेवला. शंभर वर्षं झाली, अजून तिथेच आहे. नेहरूंनी मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलं होतं की माझ्यासाठी कोणतेही धार्मिक विधी नकोत. 1964 साली विधी झालेच. गांधीजींनी असं काही लिहिलं नव्हतं, पण अहिंसेच्या त्या माणसाला शेवटी लष्कराच्या गाडीवरून नेलं. आता यात विनोद आहे हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात येणार!

(एकाच माणसाचं थोडंफार ऐकलं गेलं. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम. माझ्या देहाचं विच्छेदन करा, मग सांगाड्याला माझे कपडे चढवून खुर्चीत बसवा, असं तपशीलवार लिहून तो 1832 साली गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो अजून बसलेला आहे. डोकं टिकवताना मात्र असं काही बिघडलं की शेवटी धडावर मेणाचं बसवावं लागलं. म्हणजे शंभर टक्के त्याचंही नाहीच.)

दुसरी गोष्ट: उशिरा या. वेळेवर येतो तो शोक करायला येतो.

तिसरी: रिकाम्या हाताने परतू नका, आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. 1827 साली संगीतकार बेथोव्हेनच्या अंत्यदर्शनाला आलेल्या चाहत्यांनी त्याचे केस कापून नेले. संगीतकार हायडनला 1809 साली पुरला, आणि काही दिवसांतच कबर खणणाऱ्याला पैसे चारून कवटीच्या आकाराचा अभ्यास करणाऱ्या रसिकांनी त्याचं डोकं पळवलं. पुढे चोरी उघडकीला आल्यावर भलत्याच कोणाची तरी कवटी देऊन वेळ मारून नेली. खरी कवटी धडाजवळ पोहोचायला 1954 साल उजाडलं, आणि ती दुसरीही आत तशीच राहिली. दोन कवट्यांचा धनी! आइन्स्टाइनची इच्छा होती की आपल्या अस्थींची पूजा होऊ नये. त्याचं दहन झालं, राख गुपचूप विखुरली. पण मेंदू? तो शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने कोणाला न विचारता आधीच काढून घेतला होता. त्याचे तुकडे पुढे वर्षानुवर्षं बरण्यांमधून फिरले. आणि रवींद्रनाथ ठाकूर! 1941 सालच्या त्यांच्या अंत्ययात्रेत लोकांनी त्यांची दाढी उपटली. मेलेल्या म्हाताऱ्या कवीची दाढी. प्रेमापोटी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असले नाही, आम्ही सुधारलेले. खरंय. दाढी उपटायला जवळ जावं लागतं, हात लावावा लागतो. तुमच्याकडे मोबाइल आहे.

चौथी: गर्दीवरून माणूस मोजा. स्टालिन आणि रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह एकाच दिवशी गेले, 5 मार्च 1953. स्टालिनच्या दर्शनाच्या चेंगराचेंगरीत किती माणसं मेली, त्याचा पक्का आकडा आजही नाही. संगीतकाराला फुलंसुद्धा मिळाली नाहीत. होती नव्हती तेवढी सगळी तिकडे गेलेली.

पाचवी: श्रद्धांजलीच्या भाषणात सुरुवात ‘मी’पासून करा.

हे तर आमच्याकडे इतकं सुरेख जमलं की काय सांगू. सरांनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. देहदान करावं. कोणासाठी थांबू नये. भाषणं नकोत. फोटो नकोत. बस. आयुष्यभर कमी बोललेला माणूस, जातानाही मोजूनच बोलला. मेडिकल कॉलेजची गाडी खाली येऊन उभी. देहदानात वेळेला किंमत असते, उशीर झाला की देह शिकण्याच्या कामाचा राहत नाही, हे ड्रायव्हर तीनदा वर येऊन सांगून गेला. पण ‘साहेब निघालेत’. साहेब निघालेत, साहेब वळलेत, साहेब पाचच मिनिटांत. आले. हार घातला, कॅमेरा नीट नव्हता म्हणून पुन्हा घातला. मग माईक. घरात माईक कोणी आणला, देव जाणे! बावीस मिनिटं. त्यात सर सुरुवातीला एकदा आले आणि शेवटी एकदा. मधली वीस मिनिटं साहेबांचा संघर्ष. टाळ्या पडल्या हो, टाळ्या! प्रेताच्या उशाशी!

आणि तो दुसरा. काठीला मोबाइल लावून लाइव्ह करणारा. सरांचा चेहरा आणि स्वतःचा चेहरा एका चौकटीत बसेना, म्हणून काकूंना म्हणाला, “काकू, जरा सरकता का?” पन्नास वर्षं ज्या माणसाशेजारी बसल्या, त्याच्याजवळून काकू सरकल्या. निमूट. त्यांच्या मुठीत ती चार ओळींची चिठ्ठी होती. मी पाहिलं, आणि काही बोललो नाही. म्हणजे मीही तुमच्यातलाच.

आता उपदेश पुरे. सरळ सांगतो. लाज वाटू द्या. माणसाने जन्मभरात तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं, शेवटी चार ओळी मागितल्या, त्याही तुम्हाला जड झाल्या? साहेबांना पाच फोन गेले, एकाही फोनवर ‘आम्ही निघतोय’ एवढं सांगता आलं नाही? आणि तुम्ही, काठीवाले, तुमचा तो फोटो अजून तसाच आहे. मी काल पाहिला. खाली तीनशे जणांनी हात जोडलेत. कडेला काकूंचा अर्धा हात आलाय, मूठ आवळलेला. आधी तो फोटो काढून टाका.