दुकानात सर्व्हर बसवला की डेटा सुरक्षित झाला, असं मामाला कोणी सांगितलं?

परवा रात्री मामाचा फोन आला. "बाबू, पाच हजार बयाना देऊन आलो, दुकानात सर्व्हर बसवू राह्यलो." सर्व्हर म्हणजे दुकानाचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारी, दिवसरात्र चालू राहणारी मशीन. मामाचं दिग्रसकडे कृषी केंद्र आहे. बयाना कशाच्या जोरावर दिला, तर कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका व्हॉट्सॅप मेसेजच्या. तोच मेसेज मला दारव्ह्यापासून आर्णीपर्यंत चार जणांनी पाठवलाय, कारण मी दिवसभर याच दुकानांमधले कॉम्प्युटर पाहतो. आता घरातच पैसे गेले म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मेसेज थोडक्यात असा: क्लाऊडचं (म्हणजे नेटवरून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर डेटा ठेवायचं) भाडं भरू नका, ४५ हजारात स्वतःचा सर्व्हर घ्या, आयुष्यभर फुकट. आपला डेटा दुकानाबाहेर जात नाही. जीएसटी कायद्यानं हिशेब दुकानातच ठेवणं बंधनकारक आहे म्हणून सर्व्हर पाहिजेच. नेट गेलं तरी धंदा चालू. आणि दोन डिस्क असल्यामुळे बॅकअपची गरजच नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, यानं दुकान बसेल.

दोन डिस्क म्हणजे काय, तर एकीवर जे लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो चांगला उपयोग आहे. पण दुकानातल्या पोरानं चुकून एखादं खातं उडवलं तर ते दुसरीवरूनही त्याच सेकंदाला उडतं. व्हायरसनं फायली लॉक केल्या तर दोन्हीकडच्या होतात. वीज पडली, आग लागली, चोरानं डबा उचलला, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. याला बॅकअप म्हणणारा माणूस एकतर यातलं काही जाणत नाही किंवा त्याला मशीन विकायची आहे.

दोन वर्षांआधी आमच्या भागातल्या एका दाल मिलमध्ये सकाळी सकाळी बोलावलं. मालक नागपूरला असले की तिथून हिशेब पाहायचे, म्हणून कोणीतरी सर्व्हर बाहेरून उघडेल असा करून दिलेला, पासवर्ड गावाचं नाव आणि १२३. जाऊन पाहतो तर एकूण एक फाईलच्या नावामागे भलतंच शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. मालक मला मशीनकडे बोट दाखवून सांगतात, "हे पाय ना, दोन्ही डिस्क चालू हायेत." खरंच चालू होत्या, दोन्हीचे हिरवे दिवे लागलेले. दोन्हीवर तोच लॉक झालेला कचरा. मग तिघं जण काट्याच्या पावत्या आणि पावती बुकं घेऊन बसले आणि चार महिन्यांचा हिशेब परत भरला, आणि ज्याची पावतीच नव्हती ते गेलं ते गेलंच.

आणि २०१७ चा वॉनाक्राय आठवत असेल, असाच फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. हल्ला १२ मेला झाला, मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिलेला होता. म्हणजे दोन महिने हातात होते, पण ज्यांनी तो टाकलाच नाही ते अडकले. मामाच्या सर्व्हरवर दर महिन्याला अपडेट कोण टाकणार? बयाना घेणारा? तो तर बसवून दिल्यावर फोनही उचलणार नाही.

मामाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय, तर कास्तकारांची उधारी. जूनमध्ये बियाणं, खत नेतात आणि कापूस निघाला की दिवाळीनंतर देतात. ऑगस्टमध्ये ते खातं गेलं तर नुसता मामाचा तोटा नाही, जो कास्तकार मधेच दोन हजार भरून गेला त्याचीही नोंद गेली, मग त्यानं कोणाला पुरावा दाखवायचा? माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

आता कायद्याचं. मेसेजवाल्यानं अर्धं वाचलंय. हिशेबाची पुस्तकं नोंदणीच्या मुख्य ठिकाणी ठेवायची हे जीएसटी कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे, मान्य. पण त्याच कलमात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड चालतं असंही आहे, आणि सर्व्हर घ्या असं कुठंही नाही. आणि त्यापुढं सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ५७ आहे, तो नियम मामाला फोनवर दोनदा वाचून दाखवला. त्यात म्हटलंय की अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं रेकॉर्ड नष्ट झालं तरी ते वाजवी वेळेत परत मिळवता येईल असा नीट इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवायचा. दुकान जळालं तर दुकानातल्या डब्यातून परत काय मिळवणार? म्हणजे ज्या कायद्याच्या नावानं सर्व्हर विकू राह्यले तोच कायदा दुसरी कॉपी मागतो, आणि जळाल्यावर कामी यायची तर ती दुकानाबाहेरच पाहिजे. कलम ३६ प्रमाणे हे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचं असतं. सहा वर्षं.

"फुकट" वर जास्त बोलत नाही. १०० वॅटची मशीन दिवसरात्र चालली तर वर्षाचे ८७६ युनिट, दहा रुपयांनी धरले तरी पावणेनऊ हजार. यूपीएसची बॅटरी वेगळी. साधारण सर्व्हरला १० ते ३५ अंशांतच चालवा असं कंपनी लिहून देते, आणि मे महिन्यात आपल्याकडे अकोला, चंद्रपूर ४५ च्या वर जातं. मामाची मागची खोली टिनाखाली आहे, बाजूला युरिया अन् डीएपीच्या थप्प्या, ती धूळ बोर्डावर बसून ओल धरते आणि तांबं खाते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात कोणी पाणी टाकत नाही, म्हणजे अर्थिंगचाही भरवसा नाही. आणि त्या ४५ हजारात जी जुनी मशीन देऊ राह्यले त्यात विंडोज सर्व्हर २०१२ आहे, ज्याचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला.

डेटा बाहेर जात नाही म्हणे! सबसिडीच्या खताची प्रत्येक बॅग २०१८ पासून पॉस मशीनवर नोंदवून विकतो आपण, ती नोंद थेट केंद्राच्या खत विभागाकडे जाते. जीएसटी रिटर्न ऑनलाईन. बाहेर गेलेलंच आहे.

नेटचा मुद्दा मात्र खरा आहे, मानावं लागेल. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि मृगाच्या गर्दीत काउंटरवर पन्नास माणसं उभी असताना "सर्व्हर डाऊन आहे" सांगता येत नाही. क्लाऊडवाल्यांचंही जळतं, मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, ज्यांची दुसरीकडे कॉपी नव्हती त्यांचा डेटा गेला. म्हणून सगळं ऑनलाईनच टाका असं मी म्हणत नाही. बिलिंग दुकानातल्या साध्या कॉम्प्युटरवरच चालू द्या. रोज रात्री एक कॉपी ऑनलाईन जाऊ द्या, आणि दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापरा, एक लागलेली असली की दुसरी घरी. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखाद्या ओळखीच्या कास्तकाराचं खातं वहीशी जुळवून पाहा, कारण न उघडलेल्या कॉपीचा भरवसा नाही.

बयाना परत मागायला उद्या मी मामासोबत जातो आहे. मामानं एवढंच विचारलं, "रोज डिस्क घरी न्यायची ध्यानात कशी राहीन?" म्हटलं, गल्ल्याच्या किल्ल्या ज्या पिशवीत टाकता, त्याच पिशवीत टाका.