स्वीट सॅव्हेज आणि एका सिंगलची मागची बाजू: एका प्रतिक्रियेला उत्तर

स्वीट सॅव्हेज या बेलफास्टच्या हेवी मेटल बँडवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत: बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये असताना मी या बँडला ‘आयरिश’ म्हटले, आणि मेटालिका या प्रसिद्ध अमेरिकन मेटल बँडने त्यांचे गाणे वाजवले नसते तर ज्यांचे नावही आपल्यापर्यंत पोहोचले नसते, त्यांच्यावर मी एवढे लांबलचक लिहिले.

पहिल्याबद्दल एवढेच म्हणेन, की डब्लिनच्या थिन लिझीचा पहिला गिटारवादक एरिक बेल हा बेलफास्टचाच होता; वादकांनी उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली ती सीमा फारशी मानली नाही. बंदूकधाऱ्यांनी मात्र मानली. 31 जुलै 1975 रोजी उत्तर आयर्लंडमधला कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतणाऱ्या मायामी शोबँड या लोकप्रिय आयरिश बँडची गाडी अडवून तिघा वादकांना ठार मारण्यात आले, आणि त्यानंतर बाहेरचे बँड बेलफास्टकडे फिरकायला कचरू लागले. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर येत राहिला, हा सन्माननीय अपवाद. अशा शहरात 1979 साली हा बँड उभा राहिला, हे विसरून त्याची लांबी-रुंदी मोजणे मला पटत नाही.

मेटालिकामुळे नाव पोहोचले, हे मात्र मान्य. मीही ते प्रथम मेटालिकाच्या ‘गॅरेज इन्क.’ या दुसऱ्यांची गाणी वाजवलेल्या अल्बमच्या कॅसेटमधल्या बारीक अक्षरांतच वाचले. पण आपण क्रम उलटा लावला आहे. स्वीट सॅव्हेजच्या 1981 च्या सात इंची सिंगलवर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीवर, ‘टेक नो प्रिझनर्स’ पुढच्या बाजूला होते आणि मेटालिकाने वाजवलेले ‘किलिंग टाइम’ मागच्या. म्हणजे तबकडी उलटवण्याची तसदी घेणाऱ्यालाच ते ऐकू येणार. मेटालिकाचा ड्रमवादक लार्स उलरिच हा ब्रिटिश मेटलच्या अशा तबकड्या हुडकणारा पोरगा, आणि मार्च 1982 मध्ये अ‍ॅनाहाइममधल्या आपल्या पहिल्याच कार्यक्रमात मेटालिकाने हे गाणे वाजवले, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकही अल्बम निघालेला नव्हता. मोठ्यांनी लहानांवर केलेली ती मेहेरबानी नव्हती. ज्यांना कोणी ओळखत नव्हते, त्यांनी तशाच दुसऱ्यांकडून गाणे शिकून घेतले होते. मेटालिकाची ध्वनिमुद्रित आवृत्ती त्यांच्याच ‘द अनफर्गिव्हन’च्या सिंगलवर आली ती 1991 साली, आणि तीही मुख्य गाण्याच्या पाठीमागेच!

शिवाय स्वीट सॅव्हेजचा गिटारवादक व्हिव्हियन कॅम्पबेल 1983 मध्ये डिओ या बँडमध्ये गेला, तो रिकाम्या हाताने गेला नाही. ‘होली डायव्हर’ या अल्बमवरच्या ‘रेनबो इन द डार्क’चा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, त्याने स्वीट सॅव्हेजच्या दिवसांतच बांधलेला होता. अल्बम निघाला तेव्हा त्याचे वय वीस होते.

एक चूक मात्र माझीच आहे, जी आपल्या नजरेतून सुटली. कॅम्पबेल गेला आणि बँड संपला, असे मी लिहिले होते. ते वाक्य आता दुरुस्त केले आहे. बँडचा पहिला अल्बम 1996 साली आला, नाव अर्थातच ‘किलिंग टाइम’, आणि त्यावर गिटार वाजवणारा कोवळा सायमन मॅकब्राइड आज डीप पर्पल या प्रसिद्ध ब्रिटिश रॉक बँडमध्ये आहे.