लेखावर नाव गावातल्याचं, मजकूर कुणाचा?

चार दिवस झाले, एकच फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे अमेरिकेतल्या साध्या माणसालाच 'मेडिकेअर फॉर ऑल', म्हणजे सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा, नकोय, आणि पुरावा काय तर तिथल्या राज्याराज्यांतल्या पेपरात आमदारांनी लिहिलेले लेख. योजनेवर खुशाल वाद घाला, टॅक्स किती वाढेल हा प्रश्न खराच आहे, पण हा पुरावा मला अजिबात पटत नाही.

म्हणे हा तळागाळातला आवाज. डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अशा लेखांमागचे, आमदार आणि लॉबिस्ट (क्लायंटकडून पैसे घेऊन नेत्यांना त्याच्या बाजूला वळवणारे लोक) यांच्यातले ईमेलच बाहेर काढले. मोंटाना राज्यातल्या केथी केल्कर आणि जेन ग्रॉस ह्या दोघी आमदारांनी मान्य केलं की आपल्या लेखात एका लॉबिस्टने दिलेला मजकूर आहे, आणि ओहायो राज्यातले आमदार स्टीव्ह हफमन यांच्या ऑफिसनेही लेखाला लॉबिस्टची मदत झाल्याचं सांगितलं. वाचकाला मात्र ह्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

दोन्ही पक्षांचे लोक लिहितायत म्हणजे खरं असणार, हे दुसरं. अहो, केल्कर आणि ग्रॉस डेमोक्रॅट, हफमन रिपब्लिकन, म्हणजे लॉबिस्ट दोन्हीकडे पोचले होते एवढंच ह्यातून कळतं.

भाषणं तरी कोण स्वतः लिहितं, असंही एकाने विचारलं. भाषण लिहिणारा नेत्याचा माणूस असतो हो, मोंटानातला लॉबिस्ट एका क्लायंटसाठी काम करत होता आणि त्या क्लायंटचं नावसुद्धा ईमेलमध्ये नव्हतं.

आणि 'डॉक्टरच विरोधात आहेत' हे तर फार जुनं आहे. १९६१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांच्या बायकांना कामाला लावलं, शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तेव्हा नट असलेल्या रोनाल्ड रेगनच्या आवाजातली रेकॉर्ड लावायची आणि मग खासदाराला पत्रं लिहायला लावायची, ती आपापल्या शब्दांत, म्हणजे आपणहून लिहिल्यासारखी वाटावीत. तेव्हा विरोध होता म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, तो विमा १९६५ ला आलाच.

२०१९ मध्ये परत तेच. हॉस्पिटल तुमच्या विम्यात बसतं, पण इमर्जन्सीतला डॉक्टर बाहेरच्या कंपनीचा, तो बसत नाही, मग घरी वेगळं बिल येतं. ही बिलं रोखणाऱ्या कायद्याविरुद्ध 'डॉक्टर पेशंट युनिटी' नावाने कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती झाल्या, आणि पैसा निघाला टीमहेल्थ आणि एन्व्हिजनचा, म्हणजे असे डॉक्टर पुरवणाऱ्याच कंपन्यांचा, ज्यांची मालकी तेव्हा ब्लॅकस्टोन आणि केकेआर ह्या बड्या गुंतवणूक कंपन्यांकडे होती. ती बिलं थांबवणारा कायदा लागू व्हायला १ जानेवारी २०२२ उजाडलं, आणि तोवर पेशंट भरतच होते.