होयाचं एक पान आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की घरातली झाडं आता प्रत्यक्ष बघून कमी आणि रील बघून जास्त घेतली जातात, आणि त्यात झाडाचे हाल होतात. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झाडांचं वेड सोशल मीडियाने आणलेलं नाही, ट्यूलिपच्या फुलांसाठी लोक शेकडो वर्षांपूर्वीच वेडे झाले होते. उलट ज्यांनी जन्मात कुंडीला हात लावला नव्हता, त्यांना या व्हिडिओंनी मातीत हात घालायला लावलं, आणि निदान घरातली हवा तरी शुद्ध झाली. शिवाय माझा लेख ‘आम्ही जाणते, तुम्ही नवशिके’ अशा थाटाचा वाटला.

शेवटचा मुद्दा आधी घेते. लेख तसा वाटला असेल तर चूक माझ्या लिहिण्याची आहे, आणि मी ती मान्य करते. मी स्वतः या माध्यमातून खूप शिकले. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काही दिसलं, तेव्हा तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड, आहे हे झाडांच्या एका ऑनलाइन गटात फोटो टाकल्यावर दहा मिनिटांत कळलं. एरवी निम्मं झाड गेल्यावर कळलं असतं.

ट्यूलिपचं तुमचं उदाहरणही बरोबर आहे, पण ते थोडं पुढे नेऊन बघा. ट्यूलिपचे कंद तिथे भरमसाट किमतीला विकले जात होते, आणि १६३७च्या फेब्रुवारीत हॉलंडमधला तो बाजार कोसळला. त्यात सगळ्यात जास्त मागणी होती ती ज्वाळेसारखे पट्टे असलेल्या फुलांना. हे पट्टे एका विषाणूमुळे येतात, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्याने कंद हळूहळू दुबळा होत जातो. हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे ज्या रूपावर लोक भाळले, तेच रूप झाडाला पोखरत होतं. वेड जुनं आहे, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. बदलला आहे तो वेग.

पायलिया पेपरोमिऑइडिस हे गोल, नाण्यासारख्या पानांचं झाड आज सगळ्यांना फोटोंमुळे माहीत आहे. १९४०च्या दशकात आग्नार एस्पेग्रेन नावाच्या नॉर्वेजियन मिशनऱ्याने ते चीनमधून मायदेशी नेलं. पुढची कित्येक वर्षं ते स्कँडिनेव्हियात एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात राहिलं. हे नेमकं कोणतं झाड, हे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात येईपर्यंत ते घरोघरी पोहोचलं होतं. या झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटतात. पिल्लू आलं, मुळं धरली, की कुणाला तरी द्यायचं. हासुद्धा ट्रेंडच म्हणायचा, पण तो झाडाच्या चालीने चालला. पिल्लू हातात ठेवणाऱ्याने सोबत ‘याला भर उन्हात ठेवू नकोस’ एवढं तरी सांगितलंच असणार.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. एका लहान पांढऱ्या कुंडीत होया केरी या वेलीचं एक पान उभं आहे. बदामाच्या आकाराचं, जाड, देठाकडची बाजू मातीत. एका व्हिडिओत बघून मागवलं होतं, आणि विकणाऱ्याने ‘लवकरच वेल धरेल’ असं लिहिलं होतं. याला चार वर्षं झाली. पान आजही हिरवंगार आहे. मध्यंतरी कुंडीतून काढून पाहिलं, तर मुळं उत्तम: पांढरी, भरगच्च, कुठेही कुजलेली नाहीत. पण पानाबरोबर खोडाचा तुकडाच आलेला नाही. खोडाचं पेर नाही म्हणून त्यावरचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, नाही, आणि डोळा नाही तर कोंब कुठून येणार? हे पान आणखी काही वर्षं असंच जगेल आणि एक दिवस पिवळं पडेल. फोटोसाठी मात्र ते पहिल्या दिवसापासून पूर्ण आहे.

‘पिंक काँगो’ नावाने विकल्या जाणाऱ्या फिलोडेंड्रॉन या शोभेच्या झाडाचंही तेच. त्याची गुलाबी पानं रासायनिक प्रक्रियेने आणलेली असतात. काही महिन्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतात, कारण ते झाड मुळात हिरवंच आहे. विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, आपलं खत चुकलं, पाणी चुकलं. मला खरी तळमळ इथे आहे. तुम्ही ज्या नवशिक्यांची बाजू घेता, त्यांनाच हा फटका बसतो. दोन-तीन झाडं अशी गेली की ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ म्हणून माणूस कुंड्या माळ्यावर टाकतो. त्याच्या हातात काहीच दोष नसतो. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत पानगळ नसते, कीड नसते, तीन महिने काहीही न घडणं नसतं, आणि झाड सांभाळणं म्हणजे बहुतेक वेळा हेच तर असतं.

हवेबद्दल थोडक्यात. घरातली झाडं हवा शुद्ध करतात हे ‘नासाने सिद्ध केलं’ असं जे फिरतं, तो प्रयोग १९८९चा आणि तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. अशा प्रयोगांचा २०१९मध्ये नव्याने आढावा घेतला गेला. साध्या इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. झाडं जरूर ठेवा, पण हवेसाठी खिडकी उघडा.

सगळे ट्रेंड वाईट असं मी म्हणत नाही. मॉन्स्टेरा या मोठ्या, भोकं पडलेल्या पानांच्या वेलीची ‘थाई कॉन्स्टेलेशन’ जात टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून, प्रयोगशाळेत वाढवता येते, त्यामुळे मागणी वाढली तशी रोपंही वाढली आणि रानाला धक्का लागला नाही. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या कोनोफायटमचं तसं नाही. गोट्यांएवढी ही मांसल झाडं अतिशय सावकाश वाढतात, आणि काही जाती एखाद्या डोंगरापुरत्याच असतात. २०१९नंतर तिथून ती उपटून नेण्याचं प्रमाण फार वाढलं, कारण परदेशातल्या हौशी संग्राहकांकडून ऑनलाइन मागणी आली. कॅलिफोर्नियात समुद्रकड्यांवरची डडलिया ही मांसल पानांची वनस्पती अशीच पोत्यांनी चोरली जाऊ लागली, तेव्हा २०२१मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. लाइक देणाऱ्या माणसाच्या मनात चोरी नसते, हे मला कळतं. पण ‘हे कुठे मिळेल?’ अशा हजारभर कमेंट एका रात्रीत जमतात, आणि कड्यावरच्या त्या झाडाला तेवढं व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात. म्हणून विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारावा: हे रोप कुणी वाढवलं, आणि कशापासून? रोपवाटिकेत वाढवणारा हे आनंदाने सांगतो.

जाता जाता तुम्ही विचारलंय की दोन वर्षं झाली तरी तुमच्या मॉन्स्टेराच्या पानांना भोकं का पडत नाहीत. काळजी करू नका, झाड बिघडलेलं नाही. कोवळ्या मॉन्स्टेराची पानं अखंडच असतात. रानात ही वेल मोठ्या झाडाच्या खोडावर चढते, आणि जसजशी वर उजेडात जाते तसतशी मोठी, फाटलेली पानं धरते. तुम्ही लिहिलंय की कुंडी सोफ्यामागच्या कोपऱ्यात आहे. ती खिडकीपासून हातभर अंतरावर आणा, थेट कडक ऊन मात्र नको. शेवाळ गुंडाळलेली काठी रोवा आणि खोडाची ज्या बाजूला हवाई मुळं आहेत ती बाजू काठीला टेकवून सैल बांधा. देठ बांधू नका, फक्त खोड बांधा. काठी ओलसर ठेवा. आताची पानं आहेत तशीच राहतील, त्यांना आता भोकं पडणार नाहीत. बघायचं ते पुढच्या तिसऱ्या-चौथ्या पानाकडे. ते उलगडलं की मला कळवा, फोटो काढला नाहीत तरी चालेल.